रेशमाचं आहे, असं मी सांगितलं

माझ्या वडिलांच्या डाव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा आहे. तिथली कातडी बाकीच्या कातडीपेक्षा उजळ आहे, जरा ताणल्यासारखी. रोज सकाळी आंघोळीनंतर ते खुर्चीत बसतात, मी खाली पाटावर बसतो, त्यांचा पाय मांडीवर घेतो आणि बोटांच्या बेचक्या, टाच, चवडा असं सगळं खिडकीच्या उजेडात तपासतो. मधुमेहाच्या माणसाचा पाय असा रोज बघावाच लागतो. त्या जागेपाशी आलो की माझं बोट थांबतं. त्यांना तिथे काही जाणवत नाही. मला जाणवतं.

ती कातडी कशी आली ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून एका बहिणीखेरीज कोणाला कळलेलं नाही. मी होऊन कधीच काही सांगितलं नाही. विचारलं तेव्हा 'हो' म्हणालो, एवढंच. आता पन्नाशी उलटली, तेव्हा एकदा सलग सांगून टाकावं असं वाटतं.

मी रसायनशास्त्राचा माणूस. बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत जखमा भरून आणणारं साहित्य बनवतो. लोकांना हे समजावताना मी परांचीचं उदाहरण देतो. घर बांधताना बांबूची परांची उभारतात, गवंडी तिच्यावर चढून भिंत रचतो, भिंत उभी राहिली की परांची सोडवून घेतात. मोठ्या जखमेत शरीराच्या पेशींना चढायला काही नसतं, खड्डा नुसता खड्डाच राहतो. आम्ही त्या खड्ड्यात बसेल असा जाळीदार तुकडा करतो. पेशी त्याच्या भोकांतून शिरतात, आपलं मांस आपण रचतात, आणि तोवर तुकडा हळूहळू विरघळून जातो.

ही परांची कशाची करायची, यातच आमचं आयुष्य जातं. त्या काळी मी ज्या टेबलावर होतो तिथे ती म्हशीच्या कातड्याच्या आतल्या थरापासून व्हायची. कातडं परराज्यातून यायचं, जनावराच्या डॉक्टरच्या दाखल्यासकट. ते स्वच्छ करून सौम्य आम्लात थंडीत दिवसचे दिवस ठेवायचं, मग त्याचा खळीसारखा दाट रस होतो. त्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन वेगळं काढून, धुऊन, साच्यात ओतून गोठवायचं. गोठताना त्यात बर्फाचे बारीक बारीक स्फटिक होतात. मग हवा काढून घेतलेल्या यंत्रात तो बर्फ पाणी न होताच उडून जातो आणि जिथे जिथे बर्फ होता तिथे तिथे भोक राहतं. शेवटी हातात येतो तो बत्ताशासारखा पांढरा, बत्ताशाहून हलका तुकडा. त्याला वास नाही, चव नाही. म्हशीचं त्यात काही आहे असं बघून कोणी म्हणणार नाही.

शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण हेच काम रेशमाच्या कोषांपासून करायची. तिचा तुकडाही तसाच पांढरा. दोन्ही बशीत ठेवले तर कुठला कोणाचा ते ओळखायला मलाही सूक्ष्मदर्शकाखाली घालावे लागत.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं संस्थानाच्या फौजेतलं, पणजोबा पागेवर होते. घरात मटण व्हायचं, आणि चांगलं व्हायचं. आबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. रविवारी सायकलच्या हँडलला पिशवी लावून ते स्वतः मटण आणायचे आणि स्वतःच मसाला वाटायचे. मी आठवीत असताना आईचं मोठं ऑपरेशन झालं. ती टेबलावर असताना बाहेर बाकावर बसून आबांनी ठरवलं की ही परत आली तर आपण माळ घालायची. ती परत आली. त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, मांस सोडलं, अंडं सोडलं, ज्या पातेल्यात मटण शिजायचं ते पातेलंसुद्धा देऊन टाकलं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. ती गेल्यावर मला वाटलं, आता सोडतील. एका चुलत्याने त्यांना म्हटलंही, "आता कोणासाठी रे?" आबा म्हणाले, "अकरा वर्षं उचलून घेतली, आता माल परत करू?" पुन्हा कोणी विषय काढला नाही.

देवघरात जाताना ते आजोबांचं रेशमी सोवळं नेसत. पिवळट, काठ विरलेलं, पण रेशीम. सुती कापड शिवाशिवीने विटाळतं, रेशीम विटाळत नाही, असं ते मानत. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते ह्याच्याच जोरावर केलं.

सत्तरीच्या आसपास त्यांच्या डाव्या पायाला जखम झाली. चपलेतून टाचणीएवढी चूक, बारीक खिळा, वर आली होती. पायाला बधिरपणा असल्याने त्यांना चार दिवस कळलंच नाही. पायपुसण्यावर रक्त बघून माझी बायको ओरडली तेव्हा कळलं. मग दोन महिने मलमपट्टी. जखम रुंद होण्याऐवजी खोल होत गेली. सर्जन म्हणाले, हाडापर्यंत पोचली तर चवडा काढावा लागेल, त्यानंतर कुठे थांबेल सांगता येत नाही. त्याच दवाखान्यात आमच्या तुकड्याची चाचणी चालली होती. माझं नाव तुकडा बनवणाऱ्यांत होतं. खरं तर स्वतःच्या बापाला स्वतःच्या चाचणीत घालायचं नसतं, निदान सगळ्यांसमोर मांडून, बाजूला होऊन घालायचं असतं. मी सर्जनना सांगितलं तेव्हा ते हसले. "घरनो ज माल छे, पछी शानी चिंता?" म्हणाले. तेवढ्यावर मी समाधान मानून घेतलं.

चाचणीत येणाऱ्या प्रत्येकाला एक माहितीपत्रक देतात. काय लावणार, ते कशापासून केलंय, धोके काय, नाही म्हणायचा हक्क. माणसाने ते वाचायचं, विचारायचं, मग सही. आमचं पत्रक गुजरातीत होतं, हिंदीत होतं, इंग्रजीत होतं. मराठीत नव्हतं. बडोद्यात इतकी मराठी माणसं असून आमच्या कोणाच्या, अगदी माझ्याही, डोक्यात आलं नव्हतं. आबा गुजराती फाडफाड बोलतात, भाजीवालीशी घासाघीस करून तिला रडवतात. पण शाळा मराठी झालेली. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड इतकंच वाचतात. बारीक अक्षरातली चार पानं त्यांच्या हातची नव्हेत.

दवाखान्यातल्या बाई समजावून सांगायला आल्या. मी म्हणालो, "मी सांगतो मराठीत, त्यांना बरं पडेल." त्या मोकळ्या झाल्यासारख्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

बाकावर आबांच्या शेजारी बसून मी एक एक वाक्य मराठीत सांगत गेलो. ते लक्ष देऊन ऐकत होते, वर्कशॉपात साहेबाचा हुकूम ऐकावा तसं. परांचीचं सांगितलं तेव्हा खूश झाले. "म्हणजे सेंट्रिंग. स्लॅब धरला की खालनं काढायचं." मी म्हणालो, "तेच." दुसऱ्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की हे साहित्य प्राणिजन्य आहे, म्हशीच्या कातड्यापासून केलेलं. मी ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने चौथी सांगितली.

एवढ्यावर निभावलं असतं कदाचित. पण आबांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, "कशाचं असतं रे ते?"

मला आठवतं, त्यांचा पाय पुढे स्टुलावर होता, पट्टीवर पिवळा डाग होता. खरं सांगितलं तर ते उठतील आणि घरी चला म्हणतील, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. आणि मग काय होईल ते सर्जननी सांगितलं होतं. शेजारच्या टेबलावरचा शब्द माझ्या तोंडात आला.

"रेशमाचं आहे," मी म्हणालो.

आबांचा चेहरा उजळला. "म्हणजे सोवळ्यातलं."

"हो."

त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत सही केली. बाई परत आल्या. "अंकलने बधू समजावी दीधू ने?"

"हा, बधू," मी म्हणालो. सगळं.

पाय वाचला. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाशी लालबुंद दाणेदार मांस दिसायला लागलं. चौदाव्या आठवड्यात ती बंद झाली. तुकडा बसवला त्या दिवशी संध्याकाळी मी ताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, सगळं सांगितलं. मी होऊन नाही, तिने विचारलं, "आबा हे लावून घ्यायला तयार कसे झाले?" ती गावातल्या वाडी भागात राहते, तिथल्याच शाळेत मराठी शिकवायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू त्यांना सांग. पाय भरला की सांग." मी हो म्हणालो. पाय भरला. मी सांगितलं नाही. तीही बोलली नाही, पण घरी आली की माझ्याकडे बघून मग आबांकडे बघायची.

आबा मात्र जगाला सांगत सुटले. दूधवाल्याला, दर गुरुवारच्या भजनाच्या मंडळींना, रिक्षात शेजारी बसणाऱ्या परक्या माणसाला. "माझ्या पोराने रेशमाचा पाय बसवला!" आणि चप्पल काढून दाखवायचे. एक दिवस म्हणाले, "त्या रेशमाचा एक तुकडा मला आणून दे. देवघरात ठेवतो." म्हशीचा तुकडा देवघरात ठेवायची माझी छाती झाली नाही. मी मैत्रिणीकडून तिचा एक नापास तुकडा मागून घेतला, कडेला मोडलेला, पण खराखुरा रेशमाचा. तो त्यांनी छोट्या डबीत घालून देवांच्या मागे ठेवला. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी खरं झालं. असल्या हिशेबावर मी दोन वर्षं काढली.

वर्कशॉपातले त्यांचे एक जुने जोडीदार होते, गुजराती, वैष्णव, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनाही पायाला जखम झाली. आबांनीच त्यांना धाडलं: "जा, माझ्या पोराचं रेशीम लावून घे." काका दवाखान्यात गेले. बाईंनी त्यांना पत्रक दिलं. काकांना कोणी समजावायला लागलं नाही. ती त्यांचीच भाषा. बाकावर बसून त्यांनी ते वाचायला घेतलं, दुसऱ्या पानावरून उठले आणि रिक्षा करून थेट मांजलपूरला आमच्या घरी आले.

मी कामावरून आलो तेव्हा काका निघाले होते. जिन्यात भेटले. मला बघून थांबले, एरवी पाठीत धपाटा मारणारा माणूस. त्या दिवशी अंग चोरून खाली उतरले. वर ताई बसली होती, आबांना दिवाळीचा फराळ द्यायला आली होती. आबांच्या हातात ते पत्रक होतं. नंतर ताईने सांगितलं की काका दारातूनच म्हणाले होते, "अल्या, तारो दीकरो तो रेशम केतो'तो ने? आमां तो भेंस लखी छे."

"काका म्हणतात ते खरं का?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, "काय म्हणतात?"

हे मी का विचारलं? दोन श्वास मिळावेत म्हणून. त्यांनाही ते कळलं.

"म्हैस," आबा म्हणाले.

"हो."

त्यांनी ताईकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

ती 'नाही' म्हणाली असती तर, असं मला त्या क्षणी वाटलं. तिने म्हणावं म्हणून मी तिच्याकडे बघितलंही.

"हो आबा," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

आबांनी पत्रकाची घडी घातली. "म्हणजे मी एकटाच होतो रेशमावर."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. मी तरीही चढवलाच. म्हणालो, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता!"

"म्हणालो असतो."

"आणि पाय गेला असता."

"गेला असता. पण ते 'नाही' माझं होतं. ते तू परस्पर कसं घेतलंस?"

"तो तुकडा कधीच विरघळून गेलाय, आबा. आज तुमच्या पायात म्हशीचं काही नाही. सगळं तुमचंच मांस आहे. परांची निघाली."

"माझं मांस," ते म्हणाले, "चढलं कशावर?"

मी विषय दुसरीकडे नेला. म्हणालो, "तुम्ही रोज सकाळी ती कॅप्सूल घेता ना? तिचं वरचं टरफल कशाचं असतं असं वाटतं तुम्हाला? हाडांचं आणि कातड्याचंच असतं ते. किती वर्षं खाताय!"

वाद जिंकल्यासारखं म्हणालो मी हे. ताई म्हणाली, "गप्प बस रे." पण बोलून झालं होतं. आबा उठले, कपाटातून गोळ्यांचा डबा काढला, एक कॅप्सूल उघडून आतली पावडर तळहातावर घेतली आणि टरफलाचे दोन रिकामे अर्धे भाग उजेडाला धरून बघितले. "हे तुझ्या आईसाठी सोडलं होतं," म्हणाले. "तुला ठाऊक होतं, यातही तेच असतं. आणि तू सांगितलं नाहीस."

मग ते देवघराच्या दाराशी गेले. आत गेले नाहीत. बायकोला म्हणाले, "सूनबाई, देवांच्या मागे डबी आहे, तेवढी काढ." तिने काढून दिली. त्यांनी स्वयंपाकघरातून चिमटा आणला, डबीतला तुकडा चिमट्याने उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"आबा, हे खरंच रेशीम आहे," मी म्हणालो. "हे शेजारच्या टेबलावरचं आहे. शप्पथ."

"हो का," आबा म्हणाले.

मी तो तुकडा तळहातावर घेतला. वजन लागलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी पूजा स्वतः करणं सोडलं. तो पाय घेऊन आत जायचं नाही, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. बायको पूजा करते, ते उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि तिचं काही चुकलं तर तिथूनच सांगतात. सोवळं घडी घालून ट्रंकेत गेलं. कॅप्सूल ते उघडून पावडर मधातून घेतात. टरफलं वाटीत साठवतात आणि आठवड्याने कचऱ्यात टाकतात. आणि विचारतात. हे सगळ्यात अवघड. साखर कशाने पांढरी करतात, ह्या बिस्किटात काय असतं, ह्या साबणात. जो येईल त्याला विचारतात. मला मात्र विचारत नाहीत. मी समोर बसलेलो असतो, रसायनशास्त्राचा माणूस, आणि ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या पोराला फोन लावतात.

मी ताईशी बोलणं टाकलं. तिने दगा दिला, असं मी बायकोला सांगितलं, स्वतःला सांगितलं. वाडीतून जायची वेळ आली तर वळसा घालून जायचो. सहा-सात वर्षं. तिचा गुन्हा काय, तर विचारल्यावर खरं बोलली. आज लिहिताना हे वाचायला मलाच लाज वाटते. पण तेव्हा मला खरोखरच फसवलं गेल्यासारखं वाटत होतं. पाय वाचवला मी, आणि घरात परका झालो मी, असं. आमच्याकडे प्रत्येक पाकिटाला क्रमांक असतो. तो सांगा, मी तुम्हाला ते कातडं कुठून आलं, कधी आलं, कोणी तपासलं, सगळं काढून दाखवीन. एवढी सगळी चोख कागदं मीच ठेवत होतो. बापाच्या बाबतीत मात्र एका ओळीवरून डोळे उचलून पुढच्या ओळीवर ठेवले.

मी टेबल बदललं. मैत्रीण दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचं रेशमाचं काम मागून घेतलं. कात्रीने कोष कापायचे, आतला वाळलेला किडा झटकायचा, धुण्याच्या सोड्यात उकळून डिंक काढायचा, मग धागा विरघळवून पुन्हा तोच साचा, तोच बर्फ. उकळताना येणारा वास कपड्यांत बसतो. आबांना तो वास येत असेल, त्यांनी कधी विचारलं नाही. पाच-सहा वर्षांत तो तुकडा माणसावर लावण्याजोगा झाला. कोणी विचारलं तर मी म्हणायचो की रेशीम जास्त टिकाऊ, म्हणून. खरं कारण एकच होतं. मला त्यांच्यासमोर एकदा खरं रेशीम ठेवायचं होतं.

आणि वेळ आलीही. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या टाचेला जखम झाली. ह्या खेपेला खोल, सुरुवातीपासूनच वाईट. रेशमाच्या तुकड्याची चाचणी दुसऱ्या दवाखान्यात चालू होती. मी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला लेखी दिलं की पेशंट माझे वडील आहेत, मला बाजूला ठेवा. माहितीपत्रक मराठीतही पाहिजे, असं मी वर्षभर आधीच भांडून मंजूर करून घेतलं होतं. त्याची भाषा तपासायला योग्य माणूस एकच होतं. मी वाडीत गेलो. ताईने दार उघडलं, माझ्या हातातले कागद बघितले आणि म्हणाली, "चहा टाकते, आत ये." तिने लाल पेनाने चार ठिकाणी खुणा केल्या. 'प्राणिजन्य' नको म्हणाली, "सरळ लिही: कोषातला किडा मारून रेशीम मिळतं, त्यापासून केलेलं." मी तसं लिहिलं.

आबांनी पत्रक स्वतः वाचलं, चष्मा लावून, दोनदा. दवाखान्याच्या नव्या बाई समोर होत्या, मी भिंतीशी उभा होतो.

"किडा मारून," आबा म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "तुमच्या सोवळ्यातही तेच आहे, आबा."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. ते माझ्यापासून कोणी लपवलं नव्हतं." त्यांनी पान उलटलं. "हे मराठी कोणी लिहिलं?"

"मी. ताईने तपासलं."

"म्हणजे दोघांनी मिळून."

बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. आबांनी चष्मा काढला. "रेशीम असतं तर लावून घेतलं असतं मी," ते म्हणाले. "सोवळं आहे, चाललं असतं."

"आहे, आबा. रेशीमच आहे."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास." मग म्हणाले, "ह्याच आवाजात."

मी त्यांना प्रयोगशाळेत न्यायला तयार होतो. कोषांची पोती दाखवतो, कापून दाखवतो म्हणालो. ते हसले. खूप वर्षांनी माझ्या बोलण्यावर हसले.

"कोष बघेन रे. पण पाकिटात काय भरलंस ते कुठून बघू? पांढरं ते पांढरं. आमच्या वर्कशॉपात एकदा खोटं माप लिहिलेल्या फिटरच्या सहीवर चाक बाहेर सोडत नसत. तो पुढे जन्मभर खरं लिहो बापडा. दुसऱ्याची सही लागायची." त्यांनी पत्रक बाईंच्या हातात परत दिलं. "तुमचा दोष नाही, बेन. मला नको."

बाईंनी विचारलं, नक्की? नकाराची नोंद करायची असते, तिथे साक्षीदाराची सही लागते. आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याची घ्या. नाही म्हणालो हे ह्याने ऐकलंय."

मी सही केली.

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरुणावरून हात फिरवला, एका बाजूला सपाट लागलं. मला म्हणाले, "आपला होता तो गेला. उरला तो तुझा." विनोदच होता तो. ताई तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली.

तेव्हापासून तो उरलेला पाय मी रोज बघतो. हे काम त्यांनी मला दिलं नाही. मी पाटावर बसलो आणि त्यांनी पाय मागे घेतला नाही, इतकंच. काल टाचेला कोरडेपणा दिसला. सर्जननी लिहून दिलेली मलमाची नवी नळी होती. झाकण उघडणार तोच आबा म्हणाले, "कशाचं आहे?"

मला विचारलं. कितीतरी वर्षांनी, मला.

मी नळी खिडकीपाशी नेली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. पहिल्यापासून, एक न गाळता, इंग्रजी नाव वाचून मग ते काय असतं ते मराठीत. पाणी. पॅराफिन, ते खनिज तेलातून काढतात. युरिया, कारखान्यात करतात. मग स्टिअरिक आम्ल.

"ते कशातून काढतात?"

"पामच्या तेलातून काढतात. जनावराच्या चरबीतूनही काढतात."

"ह्यात कुठलं आहे?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही, आबा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मीही बघू दिलं. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किका मारून मारून तो माणूस थकला आणि ढकलत निघाला.

"मग नको," आबा म्हणाले.

मी झाकण लावलं आणि स्वयंपाकघरातून खोबरेल आणायला उठलो.